ओपन डेटाचा पहिला मीटअप भरवायचाय? एक फाइल घ्या आणि एक प्रश्न

ओपन डेटाची ओळख करून द्यायला म्हणून कुणी मीटअप ठेवतं तेव्हा बहुतेक वेळा काय होतं, तर चाळीस स्लाइड्स असतात, त्यात पारदर्शकता, लोकसहभाग असले जड शब्द, मग कुठल्यातरी पोर्टलची, म्हणजे डेटाच्या फाइल्स ठेवलेल्या वेबसाइटची, सैर, "हे बघा इथे हजारो डेटासेट्स आहेत", आणि शेवटी काही शंका असतील तर विचारा. शंका कुणालाच नसतात, कारण ज्या गोष्टीला हातच लावला नाही तिच्याबद्दल शंका येणार कुठून? लोक माना डोलावतात, फोटो काढतात आणि घरी जातात.

माझं मत सरळ आहे. पहिल्या मीटअपची सुरुवात पोर्टलने करूच नका. एक फाइल घ्या, सगळ्यांच्या स्क्रीनवर तीच उघडा आणि तिला प्रश्न विचारायला लावा. आलेल्या माणसाने तीन तासांत स्वतःच्या हाताने एक उत्तर काढलं आणि वर त्या उत्तरावर "पण हे खरं कशावरून?" असं विचारलं की काम झालं. बाकी सगळं, लायसन्स, फॉरमॅट, पोर्टल, त्या एका फाइलच्या निमित्ताने आपोआप येतं. खाली जे लिहिलंय ते वीस-तीस माणसं, तीन तास आणि डेटाशी आधी काही संबंध नसलेले लोक असं धरून लिहिलंय.

आधी तुमची स्वतःची तयारी

ओपन डेटा म्हणजे काय हे तुम्हाला पाच मिनिटांत, स्लाइडशिवाय सांगता आलं पाहिजे. ओपन नॉलेज फाउंडेशनने २००५ पासून ओपनची जी व्याख्या सांभाळलीय तिचा गाभा इतकाच, की तो डेटा कुणालाही, कुठल्याही कामासाठी, मोकळेपणाने मिळवता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता आला पाहिजे. अट घालायचीच असेल तर फार तर दोन, मूळ कुठून घेतलं ते सांगा आणि पुढे देताना तोही असाच खुला ठेवा. "कुठल्याही कामासाठी" या दोन शब्दांवर लोक अडखळतात. धंद्यासाठी पण? हो, धंद्यासाठी पण. म्हणूनच "फक्त ना-नफा वापरासाठी" अशी अट असलेला डेटा फुकट मिळत असला तरी ओपन नाही.

दुसरी गोष्ट, वेबसाइटवर दिसतं म्हणजे ओपन असं नव्हे. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये टेबल आहे, डोळ्यांना दिसतंय, पण त्याची बेरीज करायची तर एकेक आकडा परत टाइप करायचा, याला काय अर्थ आहे. डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबास्टोपोल गावात तीसेक लोक जमले आणि सरकारी डेटा खुला कधी म्हणायचा याची आठ तत्त्वं लिहिली गेली. डेटा पूर्ण हवा, मूळ स्वरूपातला हवा, वेळेवर हवा, मशीनला वाचता यायला हवा, नाव नोंदवल्याशिवाय मिळायला हवा अशी ती यादी आहे. सगळी आठ पाठ करून म्हणून दाखवायची गरज नाही, पण "मशीनला वाचता येणं" आणि "वेळेवर" ही दोन नक्की सांगा, कारण लोकांना नंतर त्रास याच दोन ठिकाणी होतो.

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांची पंचतारांकित शिडीही सांगायला बरी पडते. वेबवर खुल्या लायसन्सने, म्हणजे वापराच्या खुल्या परवानगीने, काहीही टाकलंत की एक तारा, पीडीएफ का असेना. एक्सेलसारख्या रचनेत असेल तर दोन, सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) अशा कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या फॉरमॅटमध्ये असेल तर तीन. चौथा तारा प्रत्येक गोष्टीला वेबवर स्वतःचा पत्ता दिल्याचा आणि पाचवा दुसऱ्या डेटाशी जोडल्याचा. पहिल्या मीटअपमध्ये तीन ताऱ्यांपर्यंत थांबा. त्यापुढच्या, एकमेकांना जोडलेल्या म्हणजे लिंक्ड डेटाचं नाव काढलंत की समोरची अर्धी माणसं गेली समजा.

फाइल निवडणं, खरी मेहनत इथेच

यावर तयारीचा निम्मा वेळ गेला तरी चालेल. चांगली फाइल असेल तर सामान्य बोलणाऱ्याचा मीटअपसुद्धा चालतो, आणि फाइल वाईट असेल तर कितीही भारी वक्ता आणा.

विषय असा पाहिजे की समोरचा त्यात आधीच तज्ज्ञ आहे. बसथांबे, रस्त्यावरची झाडं, पाऊस, शाळा, वाचनालयं, रस्त्यावरच्या दिव्यांच्या तक्रारी. जागतिक व्यापाराचे आकडे कितीही स्वच्छ असले तरी त्यात चूक आहे का हे खोलीत कुणालाच सांगता येणार नाही, पण "हा बसथांबा इथे नाहीच, तो पलीकडच्या चौकात आहे" हे मात्र कुणीतरी पटकन सांगतं, आणि त्या क्षणी त्या माणसाला कळतं की डेटा तपासण्याचा अधिकार आपल्यालाही आहे. तो क्षण घडवून आणायचाय, बाकी सगळं त्यासाठीच.

आकार मध्यम ठेवा. दोनशे ते दोन हजार ओळी, सहा ते बारा कॉलम. दोनशेपेक्षा कमी असेल तर लोक नुसत्या डोळ्याने वाचून उत्तर काढतात आणि टूल कशाला हवं असं त्यांना वाटतं, आणि लाखात गेली तर जुने लॅपटॉप हँग होतात. न्यूयॉर्कची २०१५ ची रस्त्यावरच्या झाडांची गणना सुंदर डेटासेट आहे, पण त्यात साडेसहा लाखांहून जास्त झाडं आहेत, अशा वेळी एकाच भागाची झाडं वेगळी काढून वापरा. कापलीत तर काय कापलं ते फाइलसोबत लिहून ठेवा, म्हणजे कुणाला मूळ फाइलशी ताडून बघायचं असेल तर बघता येईल.

कॉलममध्ये किमान एक ठिकाणाचा, एक तारखेचा, एक प्रकाराचा आणि एक आकड्याचा असावा, म्हणजे कुठे, कधी, काय आणि किती या चारही तऱ्हेचे प्रश्न विचारता येतात. आणि फाइल थोडी मळकी पाहिजे! दोन-चार रिकाम्या जागा, एकच नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं, एखादी अशक्य तारीख. एकदम चकचकीत फाइल दिलीत तर डेटा म्हणजे सत्य असा समज घेऊन लोक जातील. पण सगळीच घाण असेल तर तीन तास साफसफाईतच जातील, तेव्हा बेताने.

कुठे शोधायचं? शहराचं किंवा देशाचं डेटा पोर्टल हे पहिलं ठिकाण. अमेरिकेने २००९ मध्ये आणि ब्रिटनने २०१० मध्ये आपलं राष्ट्रीय पोर्टल सुरू केलं आणि त्यानंतर बऱ्याच देशांनी केलं. वर्ल्ड बँकेचा डेटाही २०१० पासून खुला आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून एका भागातल्या सगळ्या शाळा किंवा दवाखाने काढता येतात, विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पातूनही याद्या मिळतात. पण नवख्यांसाठी माझी आवडती फाइल म्हणजे बसथांब्यांची. सार्वजनिक वाहतुकीची वेळापत्रकं जीटीएफएस नावाच्या फॉरमॅटमध्ये दिली जातात, २००५ च्या सुमारास पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून याची सुरुवात केली आणि आज जगभरातल्या असंख्य संस्था ते वापरतात. दिसायला भीतीदायक नाव, पण आत बघाल तर झिप केलेल्या साध्या टेक्स्ट फाइल्स, आणि त्यातल्या स्टॉप्स नावाच्या फाइलमध्ये थांब्याचं नाव, अक्षांश आणि रेखांश. ही एक फाइल यूमॅपसारख्या नकाशे बनवायच्या साइटवर टाकली की दोन मिनिटांत नकाशावर ठिपके. लोक लगेच आपला थांबा शोधायला लागतात, कुणाला सांगावं लागत नाही. तारखेचा कॉलम मात्र तिच्यात नसतो, तेव्हा ठिकाणासाठी ही आणि मुख्य कामासाठी तक्रारींची किंवा झाडांची अशी जोडी जमवली तर उत्तम.

फाइल ठरली की मीटअपच्या आधी स्वतः तिच्यावर बसा. एकूण ओळी किती, कुठल्या कॉलममध्ये किती जागा रिकाम्या, सगळ्यात मोठा आणि छोटा आकडा कुठला, कुठले चार-पाच प्रश्न सुटतात आणि कुठले सुटत नाहीत हे कागदावर लिहा. मूळ फाइलला हात न लावता एक प्रत वेगळी ठेवा. आणि फाइल पेनड्राइव्हवर घ्या, चार-पाच पेनड्राइव्हवर घ्या, कारण पोर्टल नेमकं त्याच दिवशी बंद पडतं आणि तीस जण एकदम एकाच वायफायवर आले की तेही बसतं.

लायसन्स, थोडक्यात

लायसन्स बघितल्याशिवाय फाइल वाटू नका. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेच्या तयार लायसन्सांपैकी सीसी-झिरो असेल तर काहीच अट नाही, विकिडेटा असा आहे. सीसी-बाय असेल तर श्रेय द्या, झालं. ओडीबीएल, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचं २०१२ पासूनचं लायसन्स, असेल तर श्रेय द्या आणि त्यातून नवा डेटाबेस बनवून जाहीरपणे दिलात तर तोही त्याच अटींवर द्या. लायसन्सच्या नावात एनसी (धंद्यासाठी नाही) किंवा एनडी (बदल करून पुढे द्यायचं नाही) ही अक्षरं दिसली तर ते ओपन नाही. आणि कुठेच काही लिहिलेलं नसेल तर "मग घ्या की, कोण विचारतंय" असं म्हणू नका, काही लिहिलं नाही म्हणजे परवानगी दिली असं होत नाही, अशी फाइल पहिल्या मीटअपला नकोच. श्रेयाची ओळ तुम्हीच तयार करून फाइलच्या पहिल्या पानावर टाका, म्हणजे कुणी दिला, कधी डाउनलोड केला, कुठलं लायसन्स आणि तुम्ही काय बदललं. लोकांना सवय यातूनच लागते, भाषणातून नाही.

बोलवायचं कुणाला आणि कसं

फक्त कोडिंगवाल्यांना बोलावलंत तर पंधराव्या मिनिटाला कुणीतरी पायथन उघडतं आणि बाकीचे गप्प होतात. शिक्षक, ग्रंथपाल, पत्रकार, विद्यार्थी, निवृत्त माणसं, एखाद्या प्रश्नावर वर्षानुवर्षं अर्ज करणारे लोक, यांच्याकडे प्रश्न असतात, आणि आपल्याला प्रश्नच हवेत. निमंत्रणात "ओपन डेटा परिचय कार्यशाळा" असं लिहिलंत तर कुणी येत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं काही लिहा:

"आपल्या भागातल्या रस्त्यावरच्या दिव्यांच्या वर्षभरातल्या सगळ्या तक्रारी एका फाइलमध्ये आहेत. शनिवारी बसून एकत्र बघूया, कुठे सगळ्यात जास्त, कधी, आणि दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात. कोडिंग लागत नाही. लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तर दुसऱ्याच्या शेजारी बसा."

ज्या ऑफिसने तो डेटा दिलाय तिथल्या कुणाला तरी जरूर बोलवा, पण व्यासपीठावर नको, टेबलावर बाकीच्यांसोबत बसू दे. हा कॉलम असा का, हे रिकामं का, हे सांगणारा माणूस खोलीत असणं याच्यासारखं सोनं नाही. मात्र त्याला आधीच सांगून ठेवा की ही तक्रार ऐकायची सभा नाहीये, आणि लोकांनाही तेच सांगा, नाहीतर तो परत कधी येणार नाही.

नावनोंदणीत नाव आणि संपर्क पुरे. जन्मतारीख, पत्ता कशाला हवा? डेटावर मीटअप घेणाऱ्यांनीच गरज नसलेला डेटा गोळा करावा हे शोभत नाही. फोटो काढायचे असतील तर सुरुवातीलाच विचारा आणि ज्यांना नको त्यांना सोडा.

खोली

खुर्च्यांच्या रांगा नकोत, चार-सहा जणांची टेबलं लावा. एका लॅपटॉपमागे दोघं, हे कमी पडलं म्हणून नाही तर मुद्दाम, कारण दोघं असली की बोलतात आणि बोलली की प्रश्न निघतो. दर टेबलाला एक मदतनीस, त्याला फाइल आधी दोन दिवस दिलेली असावी आणि एकच नियम सांगावा, दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जास्तीचे आणा. प्रोजेक्टरवर झूम दीडशे टक्के करा, शेवटच्या टेबलावर जाऊन स्वतः वाचून बघा. चाकाच्या खुर्चीतून कुणी येणार असेल तर जिना आणि दरवाजा आधी बघून ठेवा. फक्त मोबाइल घेऊन येणारे असतीलच, त्यांच्यासाठी फाइलच्या पहिल्या पन्नास ओळींची छापील प्रत ठेवा, आणि खरं सांगायचं तर छापील प्रतीवर पेनने गोल करत वाचणारे लोक चुका जास्त पकडतात.

तीन तास कसे घालवायचे

पहिली पंधरा मिनिटं माणसं येत असतात. आल्या आल्या प्रत्येकाला चिकटचिठ्ठी द्या आणि या विषयावरचा एक प्रश्न लिहून भिंतीवर लावायला सांगा. नाव, शिक्षण, नोकरी अशी ओळखपरेड टाळा, त्यात अर्धा तास जातो.

पुढची दहा मिनिटं तुमची. त्यात एक गोष्ट सांगा, खरी. मी न्यूयॉर्कची सांगतो. तिथल्या पार्किंगच्या दंडाचा डेटा खुला आहे, तो बेन वेलिंग्टन नावाच्या एका अभ्यासकाने चाळला आणि कुठल्या अग्निशामक नळापाशी गाडी लावल्याबद्दल सगळ्यात जास्त दंड होतो ते काढलं, तर मॅनहॅटनमधले दोन नळ मिळून वर्षाला ५० हजार डॉलरहून जास्त दंड मिळवून देत होते. तिथे नीट गाडी लावायची जागा आखलेली दिसत होती, लोक आखणी बघून लावायचे आणि पोलीस नळ बघून पावती फाडायचे. २०१४ मध्ये त्याने हे लिहिलं आणि शहराने ती आखणी बदलली. यात मशीन लर्निंग नाही, काही नाही, मोजलं आणि उतरत्या क्रमाने लावलं, एवढंच! हे ऐकल्यावर "मला जमेल का" हा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो.

मग फाइल उघडायची, आणि इथे घाई करू नका, हा टप्पा पाऊण तासाचा आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. अजून एकही फॉर्म्युला नाही. आधी कुणालातरी एक ओळ मोठ्याने वाक्य करून वाचायला सांगा, "अमुक तारखेला अमुक रस्त्यावरचा दिवा बंद असल्याची तक्रार आली आणि तमुक तारखेला ती निकाली निघाली". मग विचारा, एक ओळ म्हणजे काय? एक दिवा, एक तक्रार की एक तक्रार करणारा? एकाच दिव्यासाठी सात जणांनी फोन केला तर सात ओळी होणार का? यावर वाद होतो, होऊ द्या. पुढचं प्रत्येक उत्तर या एका प्रश्नावर उभं आहे.

त्यानंतर कॉलम एकेक करून घ्या. हा आकडा कशात, दिवसांत की तासांत? कुणी भरला, माणसाने की यंत्राने? "निकाली" म्हणजे दिवा लागला की फाइल बंद झाली? रिकामी जागा म्हणजे शून्य, की माहीत नाही, की लागू नाही? पाऊस मोजणाऱ्या केंद्राची जागा रिकामी असेल तर त्या दिवशी पाऊस पडला नाही असं नव्हे, कदाचित यंत्र बंद होतं. शून्य आणि रिकामं एकत्र मिसळून कुणी सरासरी काढली की आकडा कुठल्या कुठे जातो, हे तिथल्या तिथे कॅल्क्युलेटरवर करून दाखवा.

आणि ओळी मोजायला लावा. पोर्टलवर लिहिलेला आकडा आणि आपल्या स्क्रीनवरच्या ओळी जुळतात का? हे कंटाळवाणं वाटतं म्हणून इंग्लंडची गोष्ट सांगा. २०२० च्या सप्टेंबरअखेर तिथले कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतून गळाले, कारण मधल्या कुठल्यातरी टप्प्यावर माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये जात होती आणि त्यात एका शीटला ६५,५३६ च ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी गुपचूप गळून गेल्या. नव्या फॉरमॅटमध्ये ही मर्यादा १०,४८,५७६ आहे, म्हणजे मर्यादा अजूनही आहेच.

आता टूल. पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करायला लावू नका, ज्याच्याकडे जे आहे ते, गूगल शीट्स, लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेल. शिकवायच्या गोष्टी तीनच. सॉर्ट, फिल्टर आणि पिव्होट टेबल. सॉर्टने टोकाच्या गोष्टी वर येतात आणि चुका पण, जसं दुरुस्तीला उणे बारा दिवस. फिल्टरने आपलाच भाग बघता येतो. आणि पिव्होट टेबलला लोक उगाच घाबरतात, ते म्हणजे खेळायचे पत्ते रंगानुसार वेगळे करून प्रत्येक ढिगात किती ते मोजणं, बस. इन्सर्ट मेनूमधून पिव्होट टेबल घ्या, रो मध्ये भागाचा कॉलम टाका, व्हॅल्यू मध्ये तक्रार क्रमांक टाकून बेरजेऐवजी काउंट निवडा. हे "बेरजेऐवजी" आवर्जून सांगा, नाहीतर कुणीतरी तक्रार क्रमांकांचीच बेरीज काढतं आणि भलामोठा आकडा बघून खूश होतं. सगळ्यांनी मिळून एकच पिव्होट बनवा, सगळ्या स्क्रीनवर एकच आकडा आला पाहिजे. नाही आला तर का नाही हे शोधणं हाच पुढच्या दहा मिनिटांचा धडा.

दहा मिनिटं मोकळीक, मग चिठ्ठ्यांकडे या. भिंतीवरचे प्रश्न मोठ्याने वाचा आणि तीन ढीग करा, या फाइलने सुटतात, दुसरी एखादी फाइल जोडली तर सुटतात, डेटाने सुटतच नाहीत. "दिवे का दुरुस्त होत नाहीत" हा प्रश्न तिसऱ्या ढिगात जातो, "कुठल्या भागात जास्त दिवस लागतात" हा पहिल्या. हा फरक लोकांना स्वतः करू द्या. मग प्रत्येक टेबलाने एक सुटणारा प्रश्न उचलायचा आणि पाऊण तास त्यावर बसायचं. वेगाने जाणारं टेबल असतंच, त्यांना तक्त्याऐवजी डेटारॅपर या साइटवर आलेख किंवा नकाशा करायला द्या.

तुम्ही मात्र फिरत रहा आणि एकच प्रश्न प्रत्येक टेबलावर टाका, तक्रारी जास्त म्हणजे दिवे जास्त बंद, की तक्रार करणारे जास्त? बोस्टनमध्ये स्ट्रीट बम्प नावाचं अ‍ॅप होतं, गाडीतल्या फोनला बसणाऱ्या हादऱ्यावरून ते रस्त्यातले खड्डे नोंदवायचं. आयडिया झकास, पण ज्या वस्तीत स्मार्टफोन कमी तिथले खड्डे कमी दिसणार हा धोका अभ्यासकांनी दाखवला. तक्रारींच्या डेटाचंही तसंच. शिवाय मोठ्या भागात दिवेच जास्त, मग तक्रारी जास्त असणारच, तेव्हा दर हजार दिव्यांमागे किंवा दर हजार लोकांमागे किती हे काढायला हवं, आणि त्यासाठी दुसरी फाइल लागते. "अरे, मग ती फाइल कुठे मिळेल?" असं कुणी विचारलं की पोर्टल दाखवायची वेळ झाली. त्याआधी नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक टेबलाने तीन मिनिटं बोलायचं, काय विचारलं, काय सापडलं, आणि त्या उत्तरावर आपलाच कुठे विश्वास नाही. तिसरा भाग सक्तीचा. ज्याला काहीच शंका नाही त्याला बाकीच्यांनी एक तरी शंका द्यायची.

माणसांचा डेटा

पहिल्या मीटअपला व्यक्तींच्या ओळी असलेली फाइल घेऊ नका, नावं काढलेली असली तरीही. डेटाच्या गोपनीयतेच्या अभ्यासक लाटानिया स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं की पिनकोडसारखा भागाचा कोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवर अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा बाहेर आला तेव्हा टॅक्सीचा नंबर हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने वेगळ्याच अक्षरांत बदलून, लपवला होता, पण नंबरांची रचना ठरलेली, शक्यता मोजक्या, त्यामुळे सगळे नंबर उलटे काढायला फार वेळ लागला नाही, आणि मग अमुक वेळी अमुक ठिकाणी टॅक्सीत बसतानाचा कुणा नामांकित माणसाचा फोटो जुळवला की तो कुठे उतरला हेही कळायला लागलं. तक्रारींच्या फाइलमध्ये "शेरा" असा मोकळा कॉलम असेल तर तो आधी पूर्ण वाचा, त्यात फोन नंबर, घर नंबर, शेजाऱ्याचं नाव असं काहीही असतं. शंका आली तर तो कॉलमच उडवा. आणि तो कॉलम पोर्टलवर उघडा पडलेला असेल तर चारचौघांत दाखवून मजा घेऊ नका, ज्यांनी टाकलाय त्यांना आधी कळवा.

हमखास येणाऱ्या अडचणी

सगळ्यात पहिली, देवनागरीचा कचरा. सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात आणि लोकांना वाटतं फाइल खराब आहे. फाइल ठीक असते. एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट, सीएसव्ही" असं आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा. लिबरऑफिस उघडतानाच कॅरेक्टर सेट विचारतं, तिथे तेच निवडा. गूगल शीट्समध्ये सहसा हा त्रास होत नाही. पण फाइल मुळातच युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर यातलं काहीच चालत नाही, ती आधी कन्व्हर्टरमधून काढावी लागते, आणि ते काम घरी करून यायचं.

तारखा हा दुसरा वैताग. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे लॅपटॉपच्या सेटिंगवर ठरतं, त्यामुळे एकाच फाइलचे दोन टेबलांवर वेगळे महिने निघतात. तयारी करतानाच तारखा वर्ष-महिना-दिवस अशा करून ठेवा. कोडच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल खातं, तो कॉलम आणताना टेक्स्ट म्हणून आणा. आकड्यातला स्वल्पविराम, मर्ज केलेले सेल, मधेच घुसलेली "एकूण" ची ओळ, हे तीन सापळेही आधी काढा, विशेषतः एकूणवाली ओळ, कारण ती बेरजेत गेली की सगळं दुप्पट.

डेटा पीडीएफमध्येच असेल तर टॅब्युला नावाचं फुकट टूल टेबल बाहेर काढून देतं, मात्र पीडीएफमधली अक्षरं सिलेक्ट होत असतील तरच, स्कॅनवर ते चालत नाही. एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिलेलं असेल तर ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या टूलचं, सारखी नावं एकत्र आणणारं क्लस्टर फीचर जादू करतं, पण ते दुसऱ्या मीटअपसाठी राखून ठेवा.

दुसऱ्या दिवशीचं काम

दोन दिवसांच्या आत तीन गोष्टी सगळ्यांना पाठवा. मूळ फाइल, तुम्ही वापरलेली फाइल, आणि एक साधी टेक्स्ट फाइल ज्यात स्रोत, लायसन्स, तुम्ही काय बदललं, आणि टेबलांनी काय काढलं ते शंकांसकट. दुसरं, सापडलेल्या चुका डेटा देणाऱ्या ऑफिसला कळवा, आणि "तुमचा डेटा चुकीचा आहे" असं मोघम नको, ओळ क्रमांक, कॉलम, काय आहे आणि काय असायला हवं असा तक्ता करून पाठवा. खाली तीस जणांनी मिळून तपासलं असंही लिहा, आपला डेटा कुणीतरी वापरतंय हे देणाऱ्यालाही बरेचदा पहिल्यांदाच कळत असतं. बसथांब्यासारखी चूक ओपनस्ट्रीटमॅपवर असेल तर कुणाला कळवत बसू नका, जागेवर जाऊन बघा आणि स्वतःच दुरुस्त करा, पण दुसऱ्या नकाशावरून बघून कॉपी करू नका, लायसन्सच्या दृष्टीने ते चालत नाही.

पुढच्या मीटअपची तारीख मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवायची नाही, ती लोक उठायच्या आधीच ठरवा, महिन्याभराच्या आतली. विषय भिंतीवरच्या दुसऱ्या ढिगातून घ्या, म्हणजे दुसरी फाइल जोडल्यावर सुटणारे प्रश्न, आणि ती फाइल शोधून आणायचं काम टेबलांपैकी कुणालातरी द्या, तुम्ही घेऊ नका. मोठं काही करायचं असेल तर मार्चच्या सुरुवातीला जगभर ओपन डेटा डे साजरा होतो, २०१० पासून चालू आहे, त्याला जोडून घेता येईल, पण त्यासाठी वर्षभर थांबू नका.